धाग्याचं डोकं

धागा तुटला की मशीन ओरडतं. बारा डोक्यांचं मशीन आमचं, एकाच वेळी बारा कापडांवर एकच फूल भरत असतं. त्यातल्या एका डोक्याचा धागा तुटला की बाराही डोकी गप्प. लाल दिवा, टीं टीं टीं, आणि पॅनेलवर दोन चिनी अक्षरं. आत्या त्यांना मुंगळे म्हणायची. "आले बघ मुंगळे," म्हणायची आणि कात्री खाली ठेवून पाय लांब करायची. मुंगळे आले म्हणजे आता बराच वेळ सगळे नुसते पॅनेलकडे बघत उभे राहणार.

आम्ही दोघी खाली बसायचो. जमिनीवर, फाटक्या गोणपाटावर, मध्ये कापडांचा ढीग. मशीन एका फुलावरून दुसऱ्या फुलावर उडी मारतं तेव्हा मागे धाग्याची शेपटी सोडतं. ती कापायची. फुलं मशीन करणार, शेपट्या आम्ही कापणार. शाळा सोडल्यापासून मी हेच करत होते. शाळा का सोडली असं ज्याला त्याला विचारायचं असतं. बाईंनी फळ्यापाशी उभं करून सगळ्या वर्गाला हसवलं, मी खडू फेकला, तो त्यांना लागला. नेम धरला नव्हता. धरला असता तर चष्मा फुटला असता. दुसऱ्या दिवशी मी गेले नाही आणि मला बोलवायलाही कुणी आलं नाही. आत्या तेवढी म्हणाली, "नाकावर राग घेऊन जन्मली ही. ठिणगी नुसती." तेव्हापासून कारखान्यात माझं नाव ठिणगी.

मशीनवर मालकाचा मेव्हणा बसायचा. बसायचा म्हणजे खरंच बसायचा, त्यापलीकडे काही नाही. मशीन मालकाने कुठल्यातरी बंद पडलेल्या कारखान्यातून उचललं होतं आणि ते नीट लावून द्यायला ते बनवणाऱ्या कंपनीने एक चिनी मेकॅनिक पाठवला होता. बारीक माणूस, पन्नाशीचा असेल, एकच राखाडी जाकीट, हातात गरम पाण्याचा थर्मास. काहीही विचारा, "दुई दुई दुई" म्हणायचा. म्हणजे बरोबर, बरोबर, बरोबर. म्हणून तो दुईदुई. त्याच्या फोनमध्ये एक बाई होती, ती त्याचं बोलणं आमच्या भाषेत करून द्यायची, बातम्या वाचल्यासारखं. "कृपया आपला कोपर तेलापासून दूर ठेवा." मेव्हणा दचकून बाजूला व्हायचा.

एकदा दुईदुई मशीनच्या मागे वाकून काहीतरी करत होता आणि पुढे टीं टीं सुरू झालं. मेव्हणा उठला, वरचे सगळे धागे ओढून बघायला लागला. एक एक करत बाराही डोकी. मला खालून पॅनेल दिसत होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"अहो, वरचा नाही तुटला. खालचा संपलाय. बॉबिन बघा."

"तुला काय कळतं गं? कात्री चालव."

"पॅनेलवर लिहिलंय ना."

"हो का? वाच की मग."

सगळे हसले. आत्याही हसली, हे मला लागलं. वाचता कुठे येत होतं मला! पण डोळे होते ना. धागा तुटला की जी दोन अक्षरं यायची त्यातलं दुसरं, आणि बॉबिन संपली की यायची त्यातलं दुसरं, ही दोन्ही एकच होती. पहिली वेगळी. म्हणजे दुसरं अक्षर धागा. त्याच्या डाव्या अंगाला पीळ घातलेला दोरा असतो तसं चित्रही आहे: 线. पहिलं अक्षर सांगतं की धाग्याचं काय झालं. आज पहिलं अक्षर खालचं होतं. एवढं सोपं. लहान पोराला कळेल.

दुईदुई मशीनखालून माझ्याकडे बघत होता. त्याने हात घालून बॉबिन काढली. रिकामी. ती माझ्यासमोर धरली आणि म्हणाला, "दुई दुई दुई."

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत तो मला शिकवायला लागला. कटिंगचं पत्र्याचं टेबल असतं, त्यावर कापडाच्या खडूने लिहायचा. खडू माझ्या हातात द्यायचा. मी फेकला नाही.

त्याची शिकवायची पद्धत अशी की एक अक्षर धरायचं आणि त्याला जोड्या लावत सुटायचं. धाग्याचा उच्चार श्येन. त्याच्याआधी वीज लिहिली की विजेचा धागा, म्हणजे वायर. रस्ता लिहिला की रस्त्याचा धागा, म्हणजे बसचा मार्ग. उजेडाचा धागा म्हणजे किरण. खालचा धागा म्हणजे बॉबिनचा, पण त्याचाच दुसरा अर्थ, फोनमधल्या बाईने सांगितला, "जिच्या पलीकडे आपण जाऊ देणार नाही ती मर्यादा." हे मला फार आवडलं. प्रत्येक माणसाला एक बॉबिन असते असं.

तो अक्षरं लिहायचा आणि मी जोडीचा अर्थ ओळखायचे. आकाश अधिक धागा?

"पाऊस," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. छपराकडे बोट, मग हाताने काडी उभी केल्यासारखं केलं. अँटेना.

"पाऊसच बरोबर आहे," मी म्हटलं. "अँटेना काय धागा असतो? तुम्ही लोकांनी चुकवलंय."

फोनमधल्या बाईने त्याला ते सांगितलं. तो इतका हसला की थर्मासचं झाकण खाली पडलं.

मग मशीन. जी. हाताचं मशीन म्हणजे मोबाईल, उडणारं मशीन म्हणजे विमान, मेलेलं मशीन म्हणजे हँग झालेलं. आणि मशीन अधिक भेटणं? मी म्हटलं मेकॅनिक. तो नाही म्हणाला. फोन म्हणाला, "संधी." मी दोनदा विचारलं. दोन्हीदा संधी. मशीन भेटलं म्हणजे संधी. आता हे मला कुणी शाळेत सांगितलं असतं तर मी खडू कशाला फेकला असता?

आणि मग डोकं. थौ. 头. दोन थेंब आणि खाली पाय फाकून उभा माणूस. मशीनचं डोकं, ते पॅनेलवर होतंच. कामाचं डोकं म्हणजे मुकादम. धाग्याचं डोकं म्हणजे, त्याने वाकून माझ्या मांडीवरचं कापड उचललं आणि एक शेपटी धरून दाखवली. ती. आम्ही दिवसभर कापतो ती.

"आत्या, ऐक. आपण शेपट्या नाही कापत. डोकी कापतो."

"मग आपल्याला तुरुंगात टाकतील," आत्या म्हणाली आणि धागा सुईत घालावा तसा डोळा बारीक करून कापत राहिली. तिचा उजवा डोळा आता अंदाजावरच चालतो. फुलाची पाकळी कापली गेली की मी कापड हळूच माझ्या ढिगात ओढते.

दगड हा शब्दही दगड अधिक डोकं असा लिहितात. लाकूड म्हणजे लाकूड अधिक डोकं. मला कळेना. दगडाला कुठलं आलंय डोकं? मी भांडलेच. दुईदुई बराच वेळ फोनशी बोलला, मग बाई म्हणाली, "येथे डोके काही काम करीत नाही. ते केवळ बसलेले आहे."

मी मेव्हण्याकडे बघितलं. आत्यानेही बघितलं. आम्ही दोघी तोंडात पदर आणि ओढणी कोंबून हसलो. मेव्हण्याला कळलं की त्याच्यावरूनच काहीतरी आहे, पण काय ते कळेना.

पॅनेल मला हळूहळू सगळं यायला लागलं. सगळं म्हणजे रोज लागतं ते. एक बटण होतं, त्याच्यावरचं पहिलं अक्षर चौकोनात चौकोन, खोलीत खोली असल्यासारखं: 回. ह्वेइ. ते दाबलं की कापडाची चौकट सरकत सरकत जिथून सुरुवात केली होती त्या टाचणीएवढ्या जागेवर परत यायची. केसाचाही फरक नाही. मला ते बटण दाबायला फार आवडायचं. एवढं मोठं लोखंड, पण परत येतं म्हणजे येतंच.

एक कोपऱ्यातलं बटण मात्र त्याने कधी शिकवलं नाही. दोन अक्षरं, दोन्हीच्या तळाला चौकोनी तोंड. मी एकदा बोट नेलं तर त्याने माझं बोट बाजूला केलं आणि हात हलवला, नको, याचं काम नाही. मीही सोडून दिलं.

मालक सगळं बघत होता. मालक तसा वाईट माणूस नाही, नुसता मालक आहे. मी एक दिवस सरळ त्याच्या टेबलाशी गेले.

"काका, दुईदुई गेला की पॅनेल कोण वाचणार?"

"बघू."

"मला येतं. सगळं येतं. विचारा तुम्ही त्याला."

"अगं हो, बघू म्हटलं ना."

मी परत येऊन खाली बसले. आत्याने विचारलं, "काय म्हणाला?"

"बघू म्हणाला."

"मग नाही म्हणाला," आत्या म्हणाली. "ह्याचं बघू मी तुझ्या वयाची असल्यापासून बघतेय. ह्याचा बाप पण बघूच म्हणायचा. खुर्ची मागितली होती मी त्याच्याकडे, खाली बसून गुडघे जातात म्हणून."

आत्याला अजून खुर्ची नाही.

माझ्या डोक्यात राग चढला तो उतरेचना. पण त्याच आठवड्यात दुईदुईने फोनवर नकाशा दाखवला. आमच्याच शहरात, नदीच्या पलीकडे, त्यांची कंपनी सर्व्हिस सेंटर काढणार होती. अशी मशीनं आता बरीच येणार. पॅनेल वाचणारी माणसं लागणार. फोनमधली बाई बोलत होती आणि मी मनात जोड्या लावत होते. मशीन भेटलं म्हणजे संधी. मी तिथे काम करणार, खांद्याला बॅग लावून कारखान्या-कारखान्यात जाणार, दारात उभी राहून विचारणार, काय म्हणतंय पॅनेल? आणि आत्याला खाली बसायला लागणार नाही. ती घरी बसेल, खुर्चीवर, माझ्याशी भांडत.

जायच्या दिवशी दुईदुईने हत्यारं पुसून बॅगेत भरली. मेव्हण्याशी हात मिळवला, मालकाशी हात मिळवला. मी दाराशी उभी राहिले. फोन त्याच्या जाकिटात होता. मी मुद्दामच म्हटलं, फोन नको. मी शिकलेल्या शब्दांची मोळी बांधली होती: मी, सेंटर, काम, तुम्ही, मी. व्याकरण गेलं खड्ड्यात. त्याला कळलं. चेहरा बघून कळतं की कळलंय.

तो हसला, माझ्या डोक्यावर दोन बोटं टेकवली आणि म्हणाला, "ह्वेइथौ त्साइ श्वो."

चार शब्द, आणि चारही मला येत होते! ह्वेइ, ते चौकटीचं बटण, परत येणं. थौ, डोकं. त्साइ, पुन्हा, त्यांच्यात निरोप घेताना म्हणतात त्यात असतं ते. श्वो, बोलणं. डोकं परत आणीन, पुन्हा बोलीन. मी परत येतो, मग बोलू. फोनची गरजच नव्हती. फोन काढायला सांगणं म्हणजे इतके दिवस शिकले ते पाण्यात. मी त्याला म्हटलं, "दुई दुई दुई."

तो जिना उतरून गेला.

मी ही गोष्ट पोटात ठेवायला हवी होती. पण नळावर पाणी भरताना मेव्हणा म्हणाला, "आता काय गं, गेला तुझा मास्तर. घास भांडी." मी म्हटलं, "परत येणार आहे. मला न्यायला. तुम्ही बसा दगडाच्या डोक्यासारखे." झालं. ते मालकापर्यंत पोचलं.

आणि मालकाने, जन्मात पहिल्यांदा, बघू न म्हणता मला बोलावलं. मशीन पाच दिवसांत पंधरा वेळा अडलं होतं, बारा कापडं वाया गेली होती, माल न्यायला आलेला माणूस आरडाओरडा करून गेला होता.

"बस मशीनवर," मालक म्हणाला. "मेव्हण्याला मी पॅकिंगला टाकतो. पण एक सांग. तू त्या सेंटरला जाणार असं ऐकतोय."

"हो."

"मग कसं जमायचं? मी तुला बसवणार, सगळं तुझ्या हातात देणार, आणि तू उडून जाणार. तसं नको. इथे राहते असा शब्द दे. तुझ्या आत्यासमोर दे. मग आजपासून ती जागा तुझी."

जागा तुझी. हे ऐकायला मी काय काय केलं असतं, एक महिन्यापूर्वी. मी आत्याकडे बघितलं. आत्या कात्री हातात धरून उभी राहिली होती. ती कामाच्या वेळात कधी उभी राहत नाही, उठायला त्रास होतो.

"दे की," आत्या म्हणाली. "तोंडातून शब्द काढायचाय नुसता."

"मी खोटं बोलत नाही," मी म्हटलं. "तो येणार म्हणालाय, मी जाणार आहे. तोपर्यंत बसते हवं तर."

"तोपर्यंत नको," मालक म्हणाला.

"मग राहू दे. मला काय गरज पडलीय? गरज तुम्हाला आहे."

मालकाचा चेहरा मिटला. शटर खाली येतं तसा. "बरं," तो म्हणाला. "मग पॅनेलला हात लावायचा नाही. तिकडे फिरकायचं पण नाही."

घरी आत्या भाजी चिरत होती, विळीवर पार बोटाजवळ येईपर्यंत चिरत होती. मी विळी ओढून घेतली. मग म्हणाली, "चिनी माणूस काय म्हणाला ते नक्की कळलं का तुला?"

"चारही शब्द येतात मला, आत्या. एकेक सांगू का?"

"शब्द कळले गं. तो काय म्हणाला ते कळलं का?"

मी ताट आपटून उठले.

मेव्हण्याने बटणांवर रंगीत टिकल्या चिकटवल्या. लाल म्हणजे थांब, हिरवी म्हणजे चालू, निळी म्हणजे परत. बाकीच्या बटणांकडे तो बघायचाच नाही. टीं टीं झालं की मी खालून बघायचे आणि ओठ आवळून गप्प बसायचे. बॉबिन. तुटला. सुई अडकली. सगळं दिसायचं मला. आत्या कोपराने ढोसायची, सांग की. मी नाही सांगायचे. माझा खालचा धागा तिथे होता.

जिन्यावर पाऊल वाजलं की मी बघायचे. माल नेणारा. वीजबिलवाला. शेजारच्या शिवणकामवाल्या ताई. मी जुने शब्द विसरू नयेत म्हणून टेबलाच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असे, खडूने लिहून ठेवायचे. पडून हात वर करून. आत्या म्हणायची, गॅरेजमध्ये कामाला लागलीस का?

थंडी गेली. पंखे लागले. पंख्याने धाग्यांची डोकी उडून केसांत अडकायची.

मग एकदा मशीन मेलं. टीं टीं नाही, दिवा नाही, पॅनेलवर लांबच लांब मुंगळ्यांची रांग. मेव्हण्याने टिकल्या दाबून बघितल्या. मी मान लांब करून बघितलं. पहिले दोन मला येत होते: मेलेलं मशीन. पुढची ओळ येत नव्हती. मालकाने कंपनीला फोन केला. मी ऐकत होते. "हो, पाठवा माणूस. आजच पाठवा."

मी नळावर जाऊन तोंड धुतलं. ओढणी झटकली. आत्याने बघितलं. मग माझ्या केसांतली डोकी काढून दिली, एक एक.

जिना चढून एक बाई आली. ताईच म्हणायला हवं, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी असेल. खांद्याला बॅग. दारात उभी राहून म्हणाली, "काय म्हणतंय पॅनेल?"

ताई चांगली होती. हे मला अजून आवडत नाही, की ती चांगली होती. तिने पॅनेलमागे काहीतरी खोचलं, मशीन मरून पुन्हा जागं झालं. मग टिकल्या बघून हसली. "हे काय? तुम्ही अजून चिनीवरच चालवताय?"

तिने कोपऱ्यातलं ते बटण दाबलं. दोन अक्षरं, तळाला चौकोनी तोंडं असलेली. मग खालच्या बाणाचं, मग बरोबरच्या खुणेचं. पॅनेल एकदा काळं झालं आणि उजळलं. सगळे मुंगळे गेले होते. तिथे इंग्रजी होतं, मेव्हण्यालासुद्धा अडखळत वाचता येईल असं. थ्रेड ब्रेक. बॉबिन. स्टार्ट. रिटर्न.

"हे होतं ह्यात?" मालकाने विचारलं.

"पहिल्यापासून असतं. भाषेचं बटण आहे ते."

मेव्हणा एक एक टिकली नखाने काढायला लागला. मोठ्याने वाचत. थ्रेड. ब्रेक. पहिलीतल्या मुलासारखं. मी इतक्या जवळ जाऊन उभी राहिले की मालक काही म्हणेल असं वाटलं, पण त्याचं लक्षच नव्हतं. आता कुणीही जाऊन उभं राहिलं तरी चालणार होतं.

मी ताईला जिन्यात गाठलं. तिला म्हटलं, मला ते सगळं येतं, आधीचं. तिला खोटं वाटू नये म्हणून धडाधड म्हणून दाखवलं, श्येनच्या सगळ्या जोड्या, जीच्या सगळ्या, थौच्या सगळ्या. तिचे डोळे मोठे झाले.

"कुठे शिकलीस?"

"इथेच. तुमचा तो मेकॅनिक, राखाडी जाकीटवाला. तो सेंटरवर येणार होता ना?"

"ते? ते कधीच गेले. दुसऱ्या कुठल्यातरी देशात पाठवलंय त्यांना. सेंटर चालू होऊन झाले की बरेच दिवस. आम्ही तिघी आहोत."

"अजून लागतील का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या हातातल्या कात्रीकडे, ती मी ठेवायला विसरले होते. "डिप्लोमा लागतो गं. आणि आता सगळी मशीनं इंग्रजीतच लावून देतो आम्ही." मग तिला वाईट वाटलं असणार, म्हणाली, "पण उच्चार छान आहेत तुझे. माझ्यापेक्षा छान."

ती दोन पायऱ्या उतरली. मी वरून विचारलं, "ताई, ह्वेइथौ त्साइ श्वो म्हणजे काय?"

ती हसली. "हे कोण म्हणालं तुला?"

"असंच. डोकं परत आणीन, पुन्हा बोलीन. असंच ना?"

"अगं नाही. त्यात डोकं वगैरे काही नाही. ते नुसतं…" तिने हात हवेत उडवला. "म्हणजे, बघू. बघू नंतर. टाळायचं असलं, पण समोरच्याला तोंडावर नाही म्हणवत नसलं की म्हणतात."

डोकं काही काम करत नव्हतं. नुसतं बसलं होतं. त्याने हे मला सांगितलंही होतं आणि मी हसले होते.

मी वर गेले. मालकाच्या टेबलाशी उभी राहिले. शब्द देते म्हणाले. आत्यासमोर देते, हवं तर लिहून देते. मालक मशीनकडे बघत होता. मेव्हण्याने थ्रेड ब्रेक वाचलं होतं, धागा ओवला होता आणि मशीन चालू झालं होतं. बारा डोकी बारा फुलं भरत होती.

मालक बोलला. मी परत येऊन गोणपाटावर बसले. आत्याने तिच्या पुढ्यातला अर्धा ढीग माझ्याकडे सरकवला.

"काय म्हणाला?"

"ह्वेइथौ त्साइ श्वो."

"म्हणजे?"

"बघू."

आत्याने कापड डोळ्याजवळ नेलं, शेपटी शोधली, आणि कात्री चुकून पाकळीवर गेली. मी ते कापड तिच्या हातातून घेतलं आणि माझ्या ढिगाच्या तळाशी घातलं.